सात टाके

“वा! याला म्हणतात टाका!” मोठे डॉक्टर म्हणाले आणि स्टीलच्या टेबलावर आडव्या पडलेल्या चिंधीच्या कुशीवर आणखी वाकले.

टेलरबाई चिंधीचं डोकं धरून उभी होती. ती इथे आपल्या तक्रारीच्या चौकशीला आली होती. कौतुक कशाचं चाललंय ते तिला आधी कळेना, आणि कळलं तेव्हा विश्वास बसेना.

चिंधी ही तिची अकरा वर्षांची कुत्री. शिवणाच्या दुकानात, कपड्यांच्या तुकड्यांत लोळून मोठी झाली म्हणून चिंधी. सोमवारी तिच्या कुशीतली गाठ धाकट्या डॉक्टरांनी काढली. फार झटपट काढली, कारण त्यांना पुढे कुठेतरी जायचं होतं. सात टाके घातले, “एकदम ओके” म्हणाले आणि निघाले. मंगळवारी दुपारी चिंधी पाणी प्यायला उठली, तर सातातले चार उसवले.

बाईने दवाखान्यात फोन लावला. एका गोड आवाजाने सांगितलं, की तुमच्या लाडक्याचा जीव आमच्यासाठी मोलाचा आहे. बाईने पुन्हा लावला. जीव अजूनही मोलाचाच होता. असं पाचदा झालं. सहाव्यांदा काउंटरवरची मुलगी फोनवर आली. डॉक्टर बाहेरगावी आहेत, म्हणाली, गुरुवारी या, आणि हो, तोपर्यंत जखम उघडी ठेवू नका.

सल्ला अगदी योग्य होता. बाईने तो तंतोतंत पाळला. सुई उकळली, रेशमाचा दोरा उकळला, हात कोपरापर्यंत घासले आणि नवऱ्याला चिंधीचं डोकं मांडीवर घ्यायला सांगितलं. नवऱ्याने डोळे गच्च मिटून घेतले. पहिल्या टाक्याला चिंधी गुरगुरली. पुढच्या तीन टाक्यांना ती नुसती बाईकडे बघत राहिली. ते बघणं काही बाईच्या डोळ्यांपुढून हलेना. बुधवारी सकाळी तिने मशीनला हात न लावता दोन पानी तक्रार लिहिली आणि स्वतः नेऊन दिली.

दवाखान्याने मात्र तत्परता दाखवली. ताबडतोब चौकशी समिती नेमली. समितीत एकच सभासद होते. ते म्हणजे मोठे डॉक्टर; दवाखान्याचे मालक, आणि धाकट्या डॉक्टरांचे सख्खे मामा. कुणी पक्षपात म्हणू नये म्हणून आज, गुरुवारी, ते भाच्याला ‘अहो’ म्हणत होते.

“हे पुढचे तीन सैल पडलेत,” मामा म्हणाले. “कुत्रीने चाटलं असणार. घरच्यांचं लक्ष नाही, दुसरं काय! पण हे मागचे चार बघा. अंतर सारखं, ताण बेताचा, गाठ बरोब्बर बाजूला. रेशीम वापरलंत? जुनी पद्धत, पण छान. अहो, चाळीस वर्षांत असा हात मी पाहिला नाही.”

भाच्याने त्या चार टाक्यांकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाला, “थँक्यू, सर.”

मामांनी काउंटरवरच्या मुलीला निकाल लिहून घ्यायला सांगितला. “ज्या हाताने हे चार टाके घातले, तो हात निष्काळजी असूच शकत नाही. सबब, तक्रारीत तथ्य नाही.”

“ते चार मी घातलेत,” बाई म्हणाली.

मामा दिलखुलास हसले. “बाई, तुमचा राग मी समजू शकतो. पण हे शास्त्र आहे, उशीचा अभ्रा नव्हे. आता उरलेले तीन डॉक्टर नव्याने घालून देतील. तक्रार केलीत तरी!” एवढा मोठेपणा दाखवून झाल्यावर ते चहाला गेले. निकालाचा कागद घेऊन मुलगीही गेली.

बाईचा नवरा बाहेर बाकावर होता. जखम बघणं त्याच्याच्याने होत नसे. आत उरली बाई, चिंधी आणि धाकटे डॉक्टर. त्यांनी जखमेभोवती बधिर करायचं इंजेक्शन दिलं, सुई उचलली आणि तशीच हवेत धरली.

“मी खोटं बोलत नाहीये,” बाई म्हणाली. तिचा आवाज चढला. “वर जाईन मी. आणखी मोठ्या साहेबांकडे जाईन. त्यांना...”

“माहीत आहे मला,” डॉक्टर म्हणाले. “माझे टाके मी ओळखतो.”

त्यांनी दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. सुई ट्रेमध्ये परत ठेवली. सोमवारपासून ते तिला ‘पेशंटच्या ओनर’ म्हणत आले होते.

“काकू,” ते म्हणाले, “ती गाठ कशी मारलीत? मला जमत नाही. कॉलेजातही जमली नाही. आणि मामांना विचारायची सोय नाही.”

बाईने त्यांच्याकडे नीट पाहिलं. सांगायला कितीतरी होतं. दोन पानं भरून उरलेलं सगळं ओठांवर आलं होतं. चिंधीचा श्वास तिच्या तळव्याला ऊन लागत होता.

“आधी हात धुऊन ये,” ती म्हणाली.