गुलाबी गाळ

कंपनीच्या ताईंनी तिसऱ्यांदा मिठागरातला गुलाबी गाळ चमच्यानं काढला आणि चिखल जावा म्हणून गोड्या पाण्यानं धुतला. त्यातले जीव म्हणे कारखान्याचं खारट सांडपाणी साफ करतात. पण शहरात पोचेपर्यंत दरवेळी मरत होते.

गोडं पाणी लागलं की गुलाबी मरतं, हे मिठागरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. सुरंगीला तर पक्कंच. तरी ती गप्प होती. आठवीतून काढून बापानं हातात फावडं दिलं, तेव्हापासून बाहेरचं माणूस म्हणजे ह्या ताईच. आणि नमुना मेला तरच त्या परत येणार होत्या.

“आज मेला तर माझी नोकरी गेली गं,” ताई रडकुंडीला आल्या.

सुरंगीचं डोकं सटकलं. “अहो, तुम्हीच मारताय त्यांना! आणा इकडं!” तिनं बाटली हिसकावली, सगळं ओतून दिलं, ताजा गाळ खाऱ्या पाण्यातच धुऊन भरला.

ताईंनी तिला मिठीच मारली. “आता आम्ही तिकडंच वाढवू. एवढा नमुना जन्मभर पुरेल बघ!”

गाडी बांधावरून दिसेनाशी झाली.

“सुरंगे, बघत काय बसलीस? मीठ ओढ!” बाप ओरडला.

“आले,” म्हणत ती गुलाबी पाण्यात उतरली.