भारमान

खोलवाडीच्या वळणावर एसटीचं लाल तोंड दिसलं आणि इनासियाबाई टाचा उंचावून बघू लागल्या. सदतीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना रांगेत उभं केलेल्या मास्तरीणबाई, पण आज त्याच रांग मोडून पुढे झाल्या.

"इली गो, इली!" राधाबाई त्यांच्या कानातच ओरडल्या.

या गाडीसाठी बाईंनी दोन वर्षं घरोघर हिंडून सह्या जमवल्या होत्या, डेपोत अर्ज दिले होते. मालवणात त्यांची बहीण प्रिसिला अंथरुणाला खिळलेली. तिला भेटायचं तर "मालवणाक कोण जाता काय रे?" म्हणत चार अंगणं फिरायची आणि कुणाच्या तरी मोटारसायकलवर जीव मुठीत धरून बसायचं. कुणी नाही म्हणत नसे, पण दर वेळी विचारायची बाईंना लाज वाटे. आज त्यांनी इस्त्रीचा फ्रॉक घातला होता, पिशवीत दोदोलच्या गोड वड्यांचा डबा होता, आणि फोनवर बहिणीला ठणकावून सांगितलं होतं, "येतंय. कोणाच्या पाठी बसान न्हय, माझ्या गाडयेन!"

गाडी थांबली. सगळी वाडी फाट्यावर लोटली होती. गाडीला झेंडूचे हार चढले, चाकांखाली लिंबं गेली, राधाबाईंनी ओवाळलं. मग लवू गावकर नारळ घेऊन पुढे झाला. लवू गाऱ्हाणं घालायला लागला की देवालाही पाट घेऊन बसावं लागतं.

"बा देवा रवळनाथा, आज ही जी काय एसटी आमच्या वाडयेत इली हा, तिचो टायर फुटा नये, तिच्या डायवराक कसली इडापिडा होव नये, आणि जो कोण ती बंद करूचो इचार करीत, त्येका बरी बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" वाडी गरजली. इनासियाबाईही गरजल्या, आणि वर क्रूस काढला. एवढ्या मोठ्या कामाला दोन्हीकडचा वशिला बरा.

नारळ फुटला, टाळ्या झाल्या, फोटो निघाले. कंडक्टर आकांक्षा दारात उभी राहून खोबरं खात हसत होती. तिने घड्याळ पाहिलं.

"चला, आठ वाजले. बसा."

कुणी हललं नाही.

"अहो, कोण कोण येणार आहे?"

लोक एकमेकांची तोंडं बघू लागले. वाडी आली होती ती गाडीला ओवाळायला. गाडीत बसायचंही असतं हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. फाट्यावर बावीस मोटारसायकली उभ्या होत्या आणि कार्यक्रम आटोपला की जो तो आपापल्या गाडीवर टांग मारणार होता. निघायच्या तयारीने आलेल्या फक्त दोघी, इनासियाबाई आणि भाजीची पाटी घेतलेल्या राधाबाई.

आकांक्षाचं हसू मावळलं. "बाई, पहिल्या दिवसाचं भारमान साहेब स्वतः बघणार आहेत. गाडी किती भरली, तेवढंच. हार किती घातले ते मशीनमध्ये येत नाही. दोन तिकिटांवर ही फेरी टिकायची नाही."

बाईंना वाटलं, दोन वर्षं चपला झिजवल्या त्या कशासाठी? आणि मग त्यांना असा राग आला की त्यांचा वर्गातला आवाज आपसूक बाहेर पडला. पन्नाशीतला लवूसुद्धा ताठ झाला.

"अर्जावर सह्यो केल्यात मां रे? हात वर!"

हात वर झाले.

"त्याच हातान दांडो धरा आणि चढा!"

"बाई, माका मालवणात कायच काम नाय," मोटारसायकलीला टेकलेला ओंकार कुरकुरला.

"मगे मालवण बघून ये!"

"आणि माझी गाडी हय रवली तर?"

"रवांदे! ती काय रडाक लागतली?"

वाडी हसली, आणि हसता हसता सुटलीच. लवू अर्धा नारळ हातात घेऊन चढला. ओंकार हेल्मेटसकट चढला. संचिता घरच्या गाऊनवर ओढणी घेऊन चढली आणि "आये, गॅस बंद कर गो!" म्हणून खिडकीतून ओरडली. मशीनमधून तिकिटांची पट्टी निघतेय ती निघतेच आहे. बाकडी भरली, मधली वाट भरली. आकांक्षा घामाघूम होऊन हसत होती. "बास! आता एकच! उरलेल्यांनी बाराच्या फेरीला या!"

दारात दोघी उरल्या.

"बाई, तुमी जावा. तुमची गाडी ती," राधाबाईंनी पाटी खाली ठेवली.

बाईंनी पाटीतल्या लाल भाजीकडे पाहिलं. "चढ गो तू. दुपारपर्यंत ह्यो जुडयो सुकतल्यो."

"आणि तुमी?"

"माका बाराची आसा."

हे वाक्य खोलवाडीत आजवर कुणी बोललं नव्हतं. बाईंना ते इतकं आवडलं की त्यांनी पुन्हा म्हटलं, "बाराची आसा माका!"

टपावर झेंडूच्या माळा उडवत, "व्हय म्हाराजा" गरजत गाडी गेली. बाई रस्त्यावरच्या मोरीच्या कठड्यावर बसल्या.

तेवढ्यात धनेश आला. वाडीत सही न केलेला हा एकटाच. 'एसटी येतली तेव्हा बघू' म्हणाला होता. त्याने मोटारसायकल थांबवली.

"चुकली मां गाडी? बसा पाठी, बाई. सोडतंय मालवणात."

"नको रे. बाराक येतली दुसरी."

"चार तास आसत अजून!"

"आसांदेत." बाईंनी पिशवी मांडीवर घेतली आणि कठड्यावर त्याच्यासाठी जागा केली. "तुझी गाडी लाव थंय आणि बस हय. बाराक तुका मी घेवन जातंय."