प्रांताची वाटणी

"बाईसाहेब, तेवढं आमचं गाव पश्चिमेकडे टाका," थोरला दीर हात जोडून म्हणाला.

आयुष्यात पहिल्यांदाच तो तिला अहो-जाहो करत होता. कधीकाळी दोन मुलूख ओढूनताणून जोडून हा प्रांत झाला होता. जोड कधी बसलाच नाही. आता त्याचे पुन्हा दोन तुकडे होणार होते आणि कुठलं गाव कुणाच्या पदरात पडणार, हे ठरवणाऱ्या तिघांत ती होती. या एका गावावरून बाकीच्या दोघांचं घोडं अडलं होतं. एक पूर्व म्हणे, दुसरा पश्चिम. आता सगळं तिच्या मतावर होतं.

दिराची लाकडाची वखार होती. गिऱ्हाइकं सगळी पश्चिमेची. मध्ये नाका बसला की धंदाही बसणार!

ती त्याच्याकडे बघत राहिली. नवरा गेला त्याच महिन्यात या माणसाने तिची ट्रंक जिन्यावरून खाली लोटली होती. कडेवर तान्ही लेक होती.

"तुझा इथे काडीचा संबंध नाही. कोर्टात जा, नाहीतर खड्ड्यात जा!"

ती कोर्टात गेली. कायदा दिराच्या बाजूचा निघाला. मग लोकांचे कपडे शिवत ती स्वतःच कायदा शिकली. आतला निखारा मात्र तिने विझू दिला नाही.

"मागचं मनात ठेवू नका," दीर पुटपुटला.

"तुमच्या मनासारखं होईल, भावजी."

गाव पश्चिमेला गेलं. लेक आईवर उखडली. "ज्याने आपल्याला रस्त्यावर आणलं, त्याचंच भलं केलंस?" लेकीने दोन दिवस अबोला धरला.

वाटणी अमलात आली, त्या सकाळी ती दिराच्या दारात उभी राहिली. तो लगबगीने पुढे आला.

"या, या! अहो, तुमचे उपकार कसे फेडू?"

"सोपं आहे," ती म्हणाली. "पूर्वेने प्रांताचा कायदा तसाच ठेवलाय. पश्चिमेने मात्र आजपासून आपला जुना कायदा परत आणला. त्यात विधवेला सासरच्या घरात नवऱ्याचा वाटा मिळतो, मग नवरा कधी का गेलेला असेना. भावजी, वरचा मजला रिकामा करा."