उघाडीचं दार

नवरा वारल्यावर आवडाबाईनं कोपरच्या खाडीकाठचं खाजण, भरतीला बुडणारी खारी जमीन, इंग्रज सरकारकडून लागवडीला घेतलं, तेव्हापासून दीर धाकू तिला भीतीच घालत होता. आज पुनवेच्या दुपारीही तो बांधावर उभा राहून सुनावत होता. “वैनी, या बांधापायी बैल गेले, दागिने गेले. खारट मातीत भात धरेपर्यंत शेतसाऱ्याची माफी संपेल, मग सरकार वसुलीला येईल. पण तिथवर जायलाच नको. संध्याकाळच्या उधाणात सगळं पाण्याखाली जाईल. अजून वेळ आहे, हे खाजण माझ्या नावावर कर, सुटशील.” उधाणाचं पाणी अडवायला बांधातल्या उघाडीला, पाणी सोडायच्या तोंडाला, लाकडी दार हवं होतं. त्यासाठी सागाच्या फळ्या देतो, असा शब्द धाकूनंच दिला होता आणि काल तोच फिरला होता. “झालं बोलून?” आवडाबाई म्हणाली. “मग वाट सोड.” मागून चौघी बाया डोक्यावर एक दार घेऊन येत होत्या. मापात बसावं म्हणून ते कडेनं कापलं होतं, तरी धाकूनं ओळखलं. थोरल्या भावानं घडवलेल्या त्या दारावर वैनीच्या लग्नातल्या हळदीचे हात अजून पुसट दिसत होते. “घराचं दार काढलंस? अगो, रात्री चोर शिरेल!” आवडाबाईनं पदर खोचला, चिखलात उतरली आणि दार उघाडीच्या खाचांत ठोकून बसवलं. “शिरू दे की. होतं नव्हतं ते सगळं या बांधात घातलंय. चोर भेटला तर त्याला इकडंच पाठव. माती टाकायला माणूस कमी हाय.”