पंचाक्षरीची फियाट

बॉनेटवर हात ठेवला आणि क्रांतीनं तो झटकन मागं घेतला. पत्रा गरम होता.

ऊन अजून अंगणात उतरलं नव्हतं. शेडमध्ये तर चांगलाच गारठा होता. आणि गाडीची मालकीण गंगव्वा आत्ताच म्हणाली होती, "मालक गेल्यापास्नं बंद हाय गाडी. चावीबी त्यांच्यासंगंच गेली."

क्रांती आणि तिचा नवरा राजवीर जुन्या गाड्यांवर फिल्म करायचे आणि त्या फिल्म ऑनलाइन विकायचे. राजारामपुरीत एका दवाखान्याच्या माडीवर त्यांची खोली होती. जीप झाल्या, स्कूटर झाल्या, एक डुगडुगणारी स्टेशनवॅगनही झाली. पण अलीकडे गिऱ्हाईक आटलं होतं. "नुसती चकचकीत गाडी कोण बघतंय? गाडीला गोष्ट पाहिजे," असं राजवीर म्हणायचा. गोष्टीच्या शोधात ते हुपरीच्या पुढं, मळ्यातल्या या एकट्या घरी आले होते.

गोष्ट साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक होती. पंचाक्षरी चांदीचे पैंजण घडवायचा. सहा फुटी, देखणा माणूस. वीसेक वर्षांपूर्वी एका पौर्णिमेला तो फियाट घेऊन नृसिंहवाडीला गेला आणि परत आलाच नाही. गाडी घाटापाशी उभी होती, पायरीवर चपला. नदीला पाणी चढलेलं. देह सापडला नाही. भावकीनं गाडी दोर बांधून ओढत घरी आणली. गंगव्वाला मूलबाळ नव्हतं. तिनं डोळे पुसले आणि नवऱ्याचा कारखाना एकटीनं चालवायला घेतला.

त्यानंतर गाडी चालायला लागली, असं लोक म्हणत.

"पहाटंचं इंजिन वाजतंय, पावणं," शेजारच्या मळ्यातला केरबा कॅमेऱ्यासमोर म्हणाला. "नदीकडं जातीया आन् परत येतीया. आमी दारं लावून घेतो. पंचाक्षरीच न्हेतोय की!"

"तुम्ही बघितलंय?"

"बघून मरायचं हाय व्हय?"

शेडमध्ये राजवीरनं उलट्या बाजूनं उघडणारं दार उघडलं. स्टिअरिंगसमोरच्या सीटवर एक वाकळ घडी घालून ठेवली होती. फ्रेममध्ये ती बरी दिसेना. त्यानं उचलायला हात घातला.

"असू दे ती," गंगव्वा दारातून म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, तरी राजवीरचा हात तिथंच थांबला.

फिल्म तुफान चालली. मुंबई, बेळगाव, पार दुबईपर्यंत गेली. राजवीर खुशीत होता. क्रांतीला मात्र चैन पडेना. एका विधवेचं दुःख आपण बाजारात मांडलं, असं तिला वाटायचं. आणि त्या पत्र्याची ऊब तळहातावरून काही केल्या जाईना.

मग एका दुपारी क्रांतीला फोन आला. बोलणारा म्हातारा होता. मराठी आपलीच, पण बरीच वर्षं न वापरलेली.

"फियाटची फिल्म तुम्हीच केली न्हवं?"

"व्हय. आपण कोण?"

"गंगव्वाला सांगा, गाडी झ्याक ठेवलीस."

"पण बोलतंय कोण?"

"पंचाक्षरी."

तेवढ्यात फोनमध्ये एक लहान पोर ओरडलं, "अज्जा, बा!" आजोबांना कानडीत बोलावणारं, जितंजागतं पोर. फोन कट झाला. तिनं परत लावला, तर बंद.

ती भिंतीला टेकून बसली. भुताची भीती सरली होती. त्या जागी दुसरीच भीती येऊन बसली. माणूस जिवंत होता, त्याचा संसार होता, नातवंडं होती. आणि इकडं एक बाई त्याच्या नावानं पांढरं कपाळ घेऊन जगत होती.

"सांगू नकोस," राजवीर म्हणाला. "मरंल ती ऐकून."

"आणि न सांगता आपण तिच्या नवऱ्याचं भूत विकत बसायचं?"

दुसऱ्या दिवशी क्रांती एकटीच हुपरीच्या बसमध्ये बसली. गंगव्वा ओसरीवर पैंजणाला घुंगरू जोडत होती. क्रांती तिच्या पुढ्यात बसली.

"आज्जी, फिल्म मी बंद करतोय. त्यात सांगितलंय ते खरं न्हाय." तिनं गंगव्वाचा हात धरला. "मालक जिवंत हाईत. मला फोन आलता. तिकडं त्यांचा... संसार हाय."

गंगव्वा रडली नाही. तिनं हात हळूच सोडवून घेतला आणि पुढचं घुंगरू उचललं.

"पिक्चर बंद करू नगंस, बाळ. नवरा टाकून गेला म्हटलं, की बाईच्या दारात धा जण येत्यात. नवऱ्याचं भूत हाय म्हटल्यावर कोण फिरकत न्हाय."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"बुडाखाली वाकळ घिऊन मीच गाडी चालवली, मिरजेच्या ठेसनावर सोडलं की त्याला," गंगव्वा म्हणाली. "तिथनं एकटीच वाडीला गेलो, गाडी घाटाला लावली, त्याच्या चपला पायरीवर मांडल्या, आन् एस्टीनं घरी येऊन रडायला बसलो."