एकही भोक नसलेलं पान

कागद पिवळा पडलेला. त्यावर चिकटवलेल्या वेलीच्या पानाला कसरीचं एकही भोक नाही.

डोंगरावरून आणलेली ताजी पानं. चार वेळा अर्क काढला, चारही वेळा पाणीच निघालं म्हणायचं.

भावाच्या खाटेखाली चपलांचा नवा जोड. अजून खोक्यातच.

काचेच्या बशीत गाठीच्या पेशी. सकाळी जुन्या पानाचा अर्क टाकला तेव्हा जिवंत. संध्याकाळी एकही नाही.

तिसऱ्यांदा सूक्ष्मदर्शकातून बघून संशोधिका उठली. जुन्या वैद्यकाच्या पोथीत या वेलीवर एकच ओळ होती: गाठ विरघळवते. दोन वर्षं ती त्या ओळीमागे होती. मग धाकट्या भावाच्या पोटात गाठ निघाली, आणि ते नुसतं संशोधन राहिलं नाही. संस्थेच्या कपाटात या वेलीची वाळलेली पानं चिकटवलेले सात जुने कागद होते. त्यातले सहा चाचण्यांत संपले.

ती सातवा कागद सोडवायला लागली तशी प्रयोगशाळेतली सोबतीण पुढे आली.

"ताज्या पानात काहीच नाही आणि जुन्यात एवढं? मला पटत नाही बाई. निरोगी पेशींवर टाकून बघ आधी. आठ दिवस तर लागतील."

"डॉक्टरांनी त्याला पंधराच दिलेत."

पानं खलात पडली. वाळलेल्या पानातच गुण मुरत असणार, संशोधिकेने स्वतःला बजावलं. कपाट सांभाळणारे काका निवृत्त होताना किल्ली तिच्या हातात देत म्हणाले होते, "घे पोरी. एवढ्या वर्षांत एका किड्याला आत शिरू दिलं नाही मी." तिला तेव्हा हसू आलं होतं. आज तिने मनातल्या मनात त्यांना हात जोडले.

घरी भाऊ उशीला टेकून बसला होता. बाटली बघून त्याने तोंड वाकडं केलं.

"पाला चारून चारून माझी शेळी करणार तू, ताई."

"बडबड नको. आ कर."

त्याने गिळलं. डोळे मिटले. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

"फार कडू आहे का रे?"

"कडू नाही गं. लोखंडी चमचा चाटल्यासारखं लागतंय."

"लागू दे. बशीतली एकसुद्धा पेशी वाचली नाही याने."

"मग आण अजून," तो म्हणाला. गेल्या कित्येक महिन्यांत त्याने स्वतःहून काही मागितलं नव्हतं. तिने दुसरा चमचा काठोकाठ भरला.

एकेचाळीस वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्याच महिन्यात, काकांनी कसर लागू नये म्हणून त्या कपाटातल्या प्रत्येक पानावर ब्रशने पाऱ्याचं विष लावलं होतं.