तिळाएवढी ढील

म्हातारीचा हात स्वेटरच्या बाहीत कोपराशीच अडकला.

"ओढू नका आई, उसवेल," सून म्हणाली आणि तिनंच बाही वर सरकवून दिली. कोपरावरचं रफू नेमकं हाडावर बसलं. तीन धुण्यांत आक्रसून त्याचा सुपारीएवढा गोळा झाला होता. पायमोज्यांच्या टाचांची तीच गत, शालीच्या काठाचीही तीच.

"हाताला रफूचं वळणच नाही गं तुझ्या," म्हातारी म्हणाली.

"तुम्ही शिकवलंत तेवढंच येतं मला," सून म्हणाली आणि खिडकीशी आपल्या लेकीजवळ जाऊन बसली.

एके काळी अख्ख्या गल्लीचं फाटकं म्हातारीच्या मांडीवर यायचं. कुठं फाटलं होतं ते मालकालाही शोधून सापडू नये, असं तिचं काम. सून नवी आली तेव्हा म्हणाली, "आई, मला शिकवा." शिकवलं. आधी उभे धागे, मग आडवे, एक वरून एक खालून. गाठ मारायची नाही. सगळं सांगितलं आणि एक गोष्ट पोटात ठेवली. धागा परत फिरवताना कडेला दर खेपेला तिळाएवढा सैल सोडायचा असतो. कोरा धागा धुण्यात आटतो. ढील नसली तर भोवतालचं कापडही ओढून घेतो.

कालची आलेली पोर, हिला सगळं देऊन बसलं तर उद्या आपल्याला कुत्रं तरी विचारील का? सुनेचं रफू पहिल्याच धुण्यात आखडायचं. मग लेक सदरा आईपुढे टाकायचा. "आई, तूच बघ बाई. हिच्यानं व्हायचं नाही." सून मान खाली घालून भांडी घासत राहायची, आणि म्हातारी दोन बोटं उंच होऊन सुई ओवायची.

आता डोळ्यांनी दगा दिला होता. दोन वर्षं झाली, सुई सुनेकडे गेली. म्हातारीला उरल्या त्या वाळलेल्या कपड्यांच्या घड्या. लेकाच्या सदऱ्यांवरून हात फिरवला तर रफूचा खडा कुठंच लागत नसे. हल्ली नवेच घेतात वाटतं, असं म्हणून ती घडी घाली. जुनं सगळं आपल्याच अंगावर.

आज मात्र कोपर ठणकत होतं. सांगून टाकावं, तिच्या मनात आलं. पण सांगायचं तर एवढी वर्षं का नाही सांगितलं, तेही सांगावं लागणार. शेवटी हिय्या केला.

"अगं, ऐकतेस का—"

"एक मिनिट हं आई." सून लेकीच्या सुईवर वाकली होती. "असं घट्ट ओढायचं नाही, सोने. धागा फिरवलास ना, इथं कडेला थोडा सैल सोड. तिळाएवढा. बाबांच्या सदऱ्याला कसं केलं होतं आपण? धुतल्यावर आपोआप बसतो."

म्हातारीची बोटं कोपरावरच्या गोळ्याकडे गेली.

"तुला कुणी शिकवलं गं आई?" पोरीनं विचारलं.

"कुणी नाही. आजी दुपारी झोपली की तिनं केलेलं रफू उसवून बघायचे. नवी होते तेव्हा."

पोरीनं शेवटचा धागा कापला. काम मनासारखं जमलं म्हणून खुशीत होती. उठून ती आजीपाशी आली, कोपरावरचा तो गोळा तिनं बोटांनी चाचपला.

"ई, केवढं टोचतंय हे! आई, आजीचं उसवून मी आत्ता सैल सोडून करून देते."

"नको." सुनेचा आवाज जराही चढला नाही. "आजीच्या कपड्यांना आजीनं शिकवलं तसंच करायचं."